त्रेसष्ट पैंचा उतारू

पहिला वर्ग 2 रुपये 10 आणे, दुसरा वर्ग 1 रुपया 1 आणा, तिसरा वर्ग 5 आणे 3 पै. मुंबईहून ठाण्याला आगगाडी सुरू झाली तेव्हाचे हे भाडे. आण्या-पैंचा हिशेब आता विस्मरणात गेला आहे, म्हणून आधी तो मांडू. रुपयाचे 16 आणे आणि आण्याच्या 12 पै. म्हणजे तिसऱ्या वर्गाच्या तिकिटाची किंमत झाली 63 पै. मुंबई ते ठाणे अंतर 21 मैल. 63 ला 21 ने भागले की मैलाला 3 पै येतात, मागे काही उरत नाही. पहिल्या वर्गाचे 42 आणे त्याच 21 मैलांवर वाटले की मैलाला 2 आणे पडतात, म्हणजे 24 पै. तेही नेमके. पहिला वर्ग तिसऱ्याच्या बरोबर आठपट महाग होता.

एवढ्या भागाकारातून एक गोष्ट कळते. निदान या दोन वर्गांची भाडी कोणी अंदाजाने ठरवलेली नव्हती. आधी मैलाचा दर ठरला आणि मग अंतराने गुणून तिकिटाची किंमत काढली. पैसेवाल्यासाठी मैलाला 2 आणे आणि गरिबासाठी 3 पै, असे कोणीतरी बसून कागदावर लिहिले होते. म्हणजे गरीब उतारू गाडीत बसणार हे त्या माणसाने गृहीत धरले होते.

ठाणे स्थानकाचा इतिहास बहुतेक वेळा 16 एप्रिल 1853 च्या समारंभापासून सांगितला जातो. तो समारंभ खराच मोठा होता आणि त्याचे वृत्तांतही उपलब्ध आहेत. पण स्टेशन म्हणजे रोज उघडणारी तिकीटखिडकी, फलाटावर थांबलेली माणसे आणि ठरल्या वेळेला येणारी गाडी. हा रोजचा व्यवहार भाडेपत्रकांत, करारांत, खलित्यांत आणि जाहीर सूचनांत नोंदलेला असतो. असे कागद ओळीने लावले तर ठाण्याचा इतिहास वेगळा दिसतो. त्याच्या मध्यभागी 63 पै मोजणारा उतारू उभा आहे.

कंपनी सरकारचा अंदाज

या उतारूविषयी सरकारला काय वाटत होते, ते गाडी धावण्याच्या आठ वर्षे आधीच्या एका खलित्यात लिहिलेले आहे. ईस्ट इंडिया कंपनीच्या लंडनमधील संचालकांनी 7 मे 1845 रोजी हिंदुस्थानातल्या सरकारला रेल्वेविषयी लिहिले. रेल्वेला इथे कोणत्या अडचणी येतील त्याची यादी त्यांनी दिली: मुसळधार पाऊस आणि पूर, सोसाट्याचे वारे आणि कडक ऊन, लाकूड आणि मातीकाम पोखरणारी कीड, भराभर वाढणारे गवत आणि झाडोरा, कुंपण नसलेला मोकळा मुलूख, आणि जाणत्या इंजिनिअरांची वाण. यादीतल्या काही गोष्टी आजच्या ठाणेकरालाही पटतील. पावसाळ्यात रुळांवर पाणी साचून गाड्या थांबल्या की पहिली अडचण आपणही अनुभवतो.

त्याच खलित्यात उत्पन्नाचाही अंदाज आहे. इंग्लंडात रेल्वेला पैसा उतारूंकडून मिळतो. हिंदुस्थानात लोक गरीब आहेत आणि विखुरलेले आहेत, तेव्हा इथे मिळकत मुख्यतः मालाच्या वाहतुकीतून होईल, उतारूंकडून नाही, असे संचालकांचे मत होते. हे मत नुसत्या पूर्वग्रहातून आलेले नव्हते. ज्या देशात गाडी कोणी पाहिलीच नाही, तिथे कोण बसेल हे सांगणे अवघडच होते. पण मुंबईतल्या लोकांना तसे वाटत नव्हते. त्याच 1845 साली नाना शंकरशेट आणि जमशेटजी जिजीभाई मुंबईत रेल्वे व्हावी म्हणून पुढे आले होते. लंडनचा अंदाज आणि मुंबईची इच्छा यांच्यातला फरक पुढे तिकीटखिडकीवर स्पष्ट झाला.

करारातले ठाणे

1 ऑगस्ट 1849 रोजी ब्रिटिश पार्लमेंटच्या कायद्याने ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे कंपनी स्थापन झाली. आपल्याकडे ती पुढची शंभर वर्षे ‘जी. आय. पी.’ म्हणूनच ओळखली गेली. त्याच महिन्यात, 17 ऑगस्टला, तिचा ईस्ट इंडिया कंपनीशी करार झाला. भांडवल 5 लाख पौंड, त्यावर 5 टक्के व्याजाची सरकारची हमी, जमीन 99 वर्षांच्या बोलीने. हा रस्ता ‘प्रायोगिक’ म्हणून मंजूर झाला होता आणि तो मुंबईहून कल्याणच्या दिशेने जाणार होता.

कराराचा हा भाग नीट वाचायला हवा. रस्ता ठाण्यासाठी आखलेला नव्हता. नजर कल्याणवर आणि कल्याणच्या पलीकडे थळ आणि बोर या दोन घाटांवर होती, कारण देशावरचा कापूस बंदरावर आणायचा तर सह्याद्री ओलांडावाच लागणार होता. ठाणे वाटेत लागत होते. गाडी तिथे आधी थांबली याचे कारण भूगोलात आहे. साष्टी बेट ठाण्याला संपते, पुढे खाडी आहे आणि खाडीवर पूल बांधून व्हायला वेळ लागणार होता. रूळ जिथवर तयार झाले तिथवर गाडी न्यायची असे ठरले आणि देशातल्या पहिल्या उतारू गाडीचे मुक्कामाचे स्टेशन होण्याचा मान ठाण्याला मिळाला.

कामाची देखरेख मुख्य अभियंता जेम्स जॉन बर्कले याच्याकडे होती आणि ठेका फॅव्हिएल आणि फाऊलर यांच्याकडे. पहिली कुदळ 31 ऑक्टोबर 1850 रोजी शीवजवळ पडली. मुंबई आणि साष्टी यांच्यामध्ये दलदलीचा पट्टा होता, तिथे भराव घालून रस्ता पुढे न्यावा लागला. बर्कलेने 1860 साली लंडनमध्ये स्थापत्य अभियंत्यांच्या संस्थेपुढे जी. आय. पी. च्या कामावर निबंध वाचला, त्यामुळे अभियंत्याची बाजू आपल्याला त्याच्याच शब्दांत मिळते. माती वाहणारी माणसे मात्र अशा कागदांत एकरकमी संख्येने येतात, इतके मजूर, इतके गवंडी. त्यांच्या हातचा भराव दीडशे वर्षांहून अधिक काळ गाड्या पेलतो आहे. ठाण्याचा इतिहास लिहिताना हे विसरता कामा नये.

शनिवार, 16 एप्रिल 1853

आता समारंभाचे कागद. ‘बॉम्बे टाइम्स’सारख्या त्या वेळच्या इंग्रजी पत्रांनी या दिवसाचे सविस्तर वर्णन छापले. तो शनिवार होता. मुंबईतल्या बोरीबंदरहून दुपारी 3 वाजून 35 मिनिटांनी गाडी निघाली तेव्हा 21 तोफांची सलामी झाली. तीन इंजिने, 14 डबे आणि सुमारे 400 निमंत्रित. गव्हर्नरचा बँड वाजत होता, पण गव्हर्नर लॉर्ड फॉकलंड स्वतः उन्हाळ्यासाठी डोंगरावर निघून गेला होता. ठाण्याला तंबू उभारून पाहुण्यांसाठी फराळाची व्यवस्था केली होती.

14 डब्यांत 400 माणसे, म्हणजे डब्याला 28 किंवा 29. आज सकाळच्या वेळी ठाण्याहून सुटणाऱ्या लोकलच्या एकेका दाराशी याहून जास्त माणसे उभी असतात.

प्रवासाला किती वेळ लागला? छापील मजकुरात दोन आकडे आढळतात. काही ठिकाणी 57 मिनिटे, काही ठिकाणी सव्वा तास. दोन्ही वारंवार उद्धृत होतात, पण एकमेकांशी ताडून क्वचितच पाहिले जातात. गाडी वाटेत शीवला थांबली होती, कारण वाफेच्या इंजिनांना पाणी लागते. तेव्हा दोन आकड्यांचा सर्वांत सरळ मेळ असा बसतो: 57 मिनिटे ही चाकांची, सव्वा तास हा पाहुण्यांच्या घड्याळातला. 21 मैल, म्हणजे सुमारे 34 किलोमीटर, 57 मिनिटांत कापले तर ताशी वेग 36 किलोमीटरच्या जवळ जातो, सव्वा तास धरला तर 27 वर येतो. दोन्ही वेग त्या काळच्या इंजिनांना शक्य होते, त्यामुळे कोणताही आकडा खोटा ठरवण्याचे कारण नाही.

आज धीमी लोकल छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसहून ठाण्याला तासाभराच्या आसपास पोहोचते. वेळ जवळजवळ तितकाच. फरक एवढाच की ही लोकल वाटेत मशीद बंदरपासून मुलुंडपर्यंत 17 स्थानके घेते आणि प्रत्येक ठिकाणी शेकडो माणसे उतरवते, चढवते.

चार दिवसांनंतरचा कागद

ठाण्याच्या गाडीनंतर चारच दिवसांनी, 20 एप्रिल 1853 रोजी, गव्हर्नर जनरल लॉर्ड डलहौसीने आपले प्रसिद्ध रेल्वे टिपण लिहिले. हिंदुस्थानातल्या तिन्ही इलाख्यांना जोडणारे मुख्य लोहमार्ग कोणते असावेत, त्यांचा लष्कराला आणि व्यापाराला काय उपयोग होईल, याची मांडणी त्यात आहे. देशाच्या रेल्वेजाळ्याची आखणी या टिपणावरून झाली.

दोन तारखा इतक्या जवळ आल्या की वाचकाला सहज वाटते, ठाण्याची गाडी यशस्वी झाली म्हणून डलहौसीने लेखणी उचलली. पण तसे झालेले नाही. मुंबई आणि कलकत्ता यांच्यामध्ये तारायंत्र तेव्हा नव्हते, ते पुढच्या वर्षी आले. टपाल घोड्यांवरून आणि हरकाऱ्यांच्या पायांवरून जात असे, आणि चार दिवसांत ते देश ओलांडून जाणे शक्य नव्हते. डलहौसीने ते टिपण लिहिले तेव्हा ठाण्याच्या तंबूतल्या फराळाची बातमी अजून वाटेतच असणार.

ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. वरच्या पातळीवर साम्राज्याचा लोहमार्ग आखला जात होता आणि त्याच आठवड्यात मुंबई-ठाण्याच्या माणसांना गाडीत बसायला मिळाले होते. दोन्ही घटना एकमेकींना न सांगता घडल्या. डलहौसीच्या टिपणात फौजा आणि माल यांना पहिले स्थान आहे. गाडीत मात्र 63 पै देणारा माणूस चढला, आणि चढतच राहिला. पुढे सरकारी अधिकारी जूलंड डॅनव्हर्स याने हिंदी रेल्वेविषयी जे वार्षिक अहवाल लिहिले, त्यांत उतारूंची फार मोठी संख्या सर्वांत खालच्या वर्गाची दिसते. 1845 च्या खलित्यातले गरीब आणि विखुरलेले लोक हेच. ते विखुरलेले होते म्हणूनच त्यांना गाडीची गरज सर्वांत जास्त होती.

380 दिवसांचे शेवटचे स्टेशन

1 मे 1854 रोजी गाडी खाडी ओलांडून कल्याणला पोहोचली. 16 एप्रिल 1853 पासून मोजले तर मधे 380 दिवस जातात. तेवढे दिवस ठाणे शेवटचे स्टेशन होते. त्यानंतर ते वाटेवरचे झाले, आणि त्याचा पुढचा सगळा इतिहास वाटेवरचे स्टेशन असण्याचाच आहे. गाडी कुठून तरी येते, कुठे तरी जाते आणि ठाण्याला माणसे बदलते.

1863 हे साल ठाण्यासाठी दोन कारणांनी लक्षात ठेवण्याजोगे आहे. त्या वर्षी ठाण्याला नगरपालिका मिळाली. आणि त्याच वर्षी गोविंद नारायण माडगावकर यांचे ‘मुंबईचे वर्णन’ प्रसिद्ध झाले. रेल्वेच्या आगमनाची हकीकत इंग्रजी पत्रांतून, कंपनीच्या कागदांतून सांगता येते, पण मुंबईत राहणाऱ्या मराठी माणसाने आपल्या भाषेत तिची दखल घेतली ती या ग्रंथात. आपल्या वाचकाला काय नवे वाटेल हे त्याला ठाऊक होते. इतिहास लिहिताना असा साक्षीदार हाताशी असणे हे भाग्य आहे, आणि त्याला इंग्रजी कागदांच्या खालोखाल बसवण्याची सवय आपण सोडायला हवी.

कागद शोधणाऱ्याला एक अडचण येते ती नावाची. सुरुवातीच्या इंग्रजी कागदांत हे गाव ‘टॅन्ना’ असे उच्चारावे लागेल अशा रीतीने लिहिलेले आहे. 1882 च्या जिल्हा गॅझेटियरपर्यंत ते ‘ठाणा’ झाले होते. मराठीत ते आधीपासून ठाणेच. तीन वर्णजोडण्यांखाली एकच स्टेशन विखुरलेले आहे, आणि एकाच नावाने शोधणारा माणूस निम्म्या कागदांना मुकतो. बोलण्यात मात्र जुने रूप अजून जिवंत आहे. ‘ठाणा लोकल आली का?’ असे विचारणारा माणूस नकळत गॅझेटियरच्या काळातले नाव उच्चारतो.

खाडीपलीकडची वाट

1854 चा मार्ग खाडी ओलांडून पारसिकच्या डोंगराला मुंब्र्याच्या बाजूने वळसा घालत असे. 1916 मध्ये डोंगरातून थेट बोगदा निघाला, सुमारे 1.3 किलोमीटर लांबीचा, आणि जलद गाड्यांची वाट सरळ झाली. पुढे वीज आली. 3 फेब्रुवारी 1925 रोजी मुंबईत व्ही. टी. (आजचे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस) ते कुर्ला हार्बर मार्गाने देशातली पहिली विजेची उतारू गाडी धावली आणि त्या दशकातच मुख्य मार्गावरही विजेच्या गाड्या आल्या. उपनगर म्हणून ठाणे वाढले ते या विजेच्या गाडीमुळे. वाफेच्या इंजिनाला पाणी, कोळसा आणि वेळ लागे. विजेची लोकल थांबून लगेच सुटते, म्हणून दर काही मिनिटांनी गाडी देता येते, आणि दर काही मिनिटांनी गाडी असेल तरच माणूस कामाच्या गावापासून 34 किलोमीटरवर घर घेण्याचा विचार करतो. 5 नोव्हेंबर 1951 रोजी जी. आय. पी. मध्य रेल्वेत विलीन झाली.

1881 च्या सुमाराला ठाणे शहराची वस्ती 14 हजारांच्या आसपास होती. 2011 च्या जनगणनेत ती 18 लाखांच्या पुढे गेली. त्या वाढीचा मोठा भार या स्टेशनावर पडला.

2004 मध्ये ठाणे आणि नवी मुंबई यांना जोडणारा ट्रान्स हार्बर मार्ग उतारूंसाठी सुरू झाला आणि ठाण्याचे काम पुन्हा बदलले. कल्याण, डोंबिवली, बदलापूर, टिटवाळ्याहून येणारा आणि ऐरोली, घणसोली, वाशीला कामाला जाणारा माणूस इथे उतरतो आणि पूल चढून 9, 10 किंवा 10-ए क्रमांकाच्या फलाटावर जातो. मध्य रेल्वेची पहिली वातानुकूलित लोकलही जानेवारी 2020 मध्ये याच मार्गावर आली. गाडी बदलणाऱ्यांची ही गर्दी कमी व्हावी म्हणून कळवा आणि ऐरोली यांना थेट जोडणारा मार्ग मंजूर झाला आहे. त्यातले दिघा गाव स्थानक 12 जानेवारी 2024 रोजी उघडले, कळव्याचा सांधा अजून व्हायचा आहे. तोवर ठाण्याच्या पुलांवरची गर्दी तशीच राहणार.

1998 मध्ये कोकण रेल्वे पूर्ण झाल्यापासून गणपतीच्या आधीच्या आठवड्यात ठाण्याच्या फलाटांवर वेगळेच दृश्य दिसते. पिशव्या, खोकी, मखराचे सामान आणि झोपलेली मुले घेऊन कुटुंबे कोकणची गाडी धरायला उभी असतात. त्याच फलाटावर रोजचा नोकरदार आपली लोकल शोधत त्यांच्यामधून वाट काढतो.

फेब्रुवारी 2022 मध्ये ठाणे ते दिवा पाचवी आणि सहावी मार्गिका सुरू झाली. लांब पल्ल्याच्या गाड्या आणि लोकल यांच्या वाटा वेगळ्या व्हाव्यात, हा त्यामागचा हेतू. जलद लोकल तेव्हापासून मुंब्र्याच्या बाजूने जाऊ लागल्या. 9 जून 2025 रोजी सकाळी मुंब्र्याजवळच्या वळणावर, शेजारून जाणाऱ्या दोन लोकलच्या दारांत उभे असलेले प्रवासी खाली पडले आणि काहींचा जीव गेला. 1853 च्या गाडीत डब्याला 28-29 माणसे होती, हा आकडा वर सांगितला तो याचसाठी. गाडीत जागा असणे ही चैनीची गोष्ट नाही. ती जिवाची गोष्ट आहे.

63 तासांची सूचना

शेवटचा कागद अगदी अलीकडचा आहे. मे 2024 च्या अखेरीस मध्य रेल्वेने एक सूचना प्रसिद्ध केली. ठाण्याच्या 5 आणि 6 क्रमांकाच्या फलाटांचे रुंदीकरण करायचे आहे, त्यासाठी 30-31 मेच्या मध्यरात्री 12.30 पासून 2 जूनच्या दुपारी 3.30 पर्यंत, म्हणजे 63 तास, ब्लॉक घेतला जाईल. तीन दिवसांत मिळून 930 लोकल रद्द होतील: शुक्रवारी 161, शनिवारी 534, रविवारी 235. फलाट 2 ते 3 मीटरने रुंद होईल. त्यासाठी रूळ बाजूला सरकवायचा आणि आधीच घडवून ठेवलेले काँक्रीटचे ठोकळे बसवून फलाट वाढवायचा, असे कामाचे स्वरूप होते.

इतिहासाच्या पुस्तकात ही सूचना जाईल असे सहसा कोणाला वाटणार नाही. पण ती नीट वाचून पाहा. जलद लोकल आणि लांब पल्ल्याच्या गाड्या जिथे थांबतात तो फलाट इतका अरुंद झाला होता की दोन्ही बाजूंना गाड्या आल्या की उतरणाऱ्याला पाय ठेवायला जागा उरत नसे. ती दोन-तीन मीटर जागा मिळवायला 930 गाड्या थांबवाव्या लागल्या. या एका कागदात गर्दी आहे, तिची कबुली आहे आणि तिच्यावरचा उपाय आहे.

63 पै आणि 63 तास हा आकड्यांचा योगायोग आहे, त्यावरून काही सिद्ध होत नाही. सिद्ध होते ते दोन्ही कागद शेजारी ठेवल्यावर. पहिल्या कागदाने साध्या माणसाला गाडीत बसण्याचा हक्क एका ठरलेल्या दराने दिला. दुसऱ्या कागदाने त्याच्या पायांसाठी दोन-तीन मीटर जागा दिली. मधल्या 171 वर्षांत तो संख्येने वाढत गेला आणि स्टेशन त्याच्या मागे धावत राहिले.

म्हणून एक विनंती. घरात जुना मासिक पास असेल, वडिलांच्या कपाटात एखादे वेळापत्रक असेल, पुठ्ठ्याचे तिकीट कुठल्या पोथीत खूण म्हणून राहिले असेल, तर ते टाकून देऊ नका. त्यावरची तारीख, वर्ग आणि भाडे वाचून मुलांना सांगा. 16 एप्रिल 1853 च्या 400 पाहुण्यांची नोंद वर्तमानपत्रांनी ठेवली. दुसऱ्या कोणत्याही दिवशी ठाण्याहून कोण निघाले, याचा पुरावा फक्त अशा कागदांत उरतो.